भिंगापुढची काच



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी ‘कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायची काच’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. त्यांची शंका रास्त होती. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. लेथवर उभा राहून पोट भरायला लागलो आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. अशा माणसाने प्रकाशशास्त्रावर बोलावे हे धाडसच आहे. परंतु या विषयाशी माझी गाठ हौसेने पडलेली नाही, एका दाव्याने पडली. म्हणून आधी तो दावा सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

२००९ साली आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात रात्रपाळीला पॉवर प्रेसवर एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. निरोप आला तसा मी गेलो. पोराला दवाखान्यात नेले होते, मशीन बंद होते आणि रक्त अजून पुसलेले नव्हते. प्रेसच्या पुढे हात जाऊ नये म्हणून जो लोखंडी गार्ड असतो, तो मशीनवर नव्हता. तो उजव्या कोपऱ्यात पत्र्याच्या कापांमागे भिंतीला टेकून पडला होता आणि त्यावर कोळिष्टके धरली होती. बोल्टांची भोके वंगणाने बुजलेली होती. म्हणजे तो महिनोन्‌महिने काढलेला होता. माझ्याजवळ हप्त्याने घेतलेला डिजिटल कॅमेरा होता. मी फोटो काढले.

पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाच्या बाजूने असे सांगण्यात आले की, गार्ड मशीनवर होता, त्याच रात्री कामगाराने तो मुद्दाम काढला, सबब भरपाई लागू होत नाही. आमचा सगळा आधार तो फोटो. आणि त्या फोटोत एक वैगुण्य निघाले. डावीकडे वर छताला टांगलेला दिवा दिसत होता, तो तेथे खरोखर होता. पण उजवीकडे खाली, नेमका गार्डाच्या शेजारी, आणखी एक फिकट हिरवट दिवा दिसत होता. त्या जागी दिवा नव्हता, असणे शक्यही नव्हते. समोरचे वकील हुशार होते. ते म्हणाले, “ज्या फोटोत नसलेला दिवा आहे, त्या फोटोतला गार्ड तरी खरा कशावरून? हे दोन फोटो जोडलेले आहेत.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढची तारीख पडली.

आमच्या बाजारपेठेत एक जुने स्टुडिओवाले आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. मी फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पुढची काच काढली होती का?” काढली नव्हती. कॅमेरा घेताना दुकानदाराने भिंगाला ओरखडा पडू नये म्हणून एक गोल काच आटे फिरवून बसवून दिली होती. तिचे वेगळे पैसे घेतले होते आणि ती कधी काढावी लागते हे सांगितले नव्हते. काका म्हणाले, “हा दुसरा दिवा त्या काचेचा.”

कॅमेरा बाळगणाऱ्यांत या काचेवरून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ती लावल्याशिवाय घराबाहेर पडू नये. दुसरा म्हणतो, हजारो रुपयांच्या भिंगापुढे शंभर रुपयांची काच लावणे म्हणजे भिंगाचा अपमान आहे. दोन्ही पक्ष मोठ्या आवाजात बोलतात आणि मोजून पाहणारे थोडे असतात. संघटनेच्या सभांतून मी हे पुष्कळ पाहिले आहे. म्हणून मी वाचायला लागलो. जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम ही काच भिंगापुढे आली कोठून? छायाचित्रणाच्या आरंभीच्या प्लेटा निळा, जांभळा आणि डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश यांनाच जास्त ओळखत. त्यामुळे आकाश पांढरेफटक येई, ढग हरवत आणि पिवळा, तांबडा रंग काळा उठे. १८७३ साली हेर्मान विल्हेल्म फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटेच्या लेपात रंगद्रव्य मिसळले तर ती हिरव्या-पिवळ्या रंगांनाही दाद देते असे दाखवले. तरी निळ्याचा जोर राहिलाच. तो कमी करण्यासाठी भिंगापुढे पिवळी काच धरावी लागे. इंग्लंडात क्रॉयडन येथे रॅटन यांच्या कारखान्यात केनेथ मीस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९०६ पासून सर्व रंग ओळखणाऱ्या प्लेटा आणि त्यांच्यासाठी मोजून बनवलेले फिल्टर तयार केले. १९१२ साली कोडॅक कंपनीने तो कारखाना विकत घेतला. ‘रॅटन’ हे नाव फिल्टरांच्या क्रमांकांना त्यानंतरही चिकटून राहिले.

पुढे रंगीत फिल्म आली. डोंगरावर किंवा समुद्रकाठी जांभळ्यापलीकडच्या प्रकाशामुळे तिच्यावर निळसर धुके उठे. ते अडवण्यासाठी जवळजवळ रंगहीन अशी ‘यूव्ही’ काच आणि किंचित गुलाबी ‘स्कायलाइट’ काच प्रचारात आली. तेव्हा ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, फिल्टर हे मुळात हत्यार होते. काम पडले की लावावे, काम संपले की काढावे. रंगहीन काच मात्र लावून ठेवली तरी चित्रात फरक दिसत नसे, म्हणून ती लावलेलीच राहू लागली. हळूहळू तिचे मूळ काम विसरले गेले आणि भिंग राखण्याचे दुसरे काम तिच्याकडे आले. आज डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे तो अदृश्य प्रकाश अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. यूव्ही काचेचे पहिले काम बहुतांशी संपले, राखणदारी उरली.

आता राखणदार काय खातो ते पाहू. हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा काही भाग परत फिरतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर तो शेकडा सुमारे ४ असतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे १०० पैकी सुमारे ८ भाग परत फिरतात आणि ९२ आत जातात. दिवसाउजेडी रस्त्याकडे पाहणाऱ्या खिडकीत आपलाच चेहरा फिका दिसतो, तो याच चार टक्क्यांचा.

नुसते ८ भाग कमी झाले तर चित्राचे काही बिघडत नाही, शटर किंचित जास्त वेळ उघडे ठेवले की भागते. प्रश्न आहे तो परत फिरलेला प्रकाश जातो कोठे याचा. भिंगात एकामागून एक अनेक काचा असतात. एकीवरून परतलेला प्रकाश दुसरीवर आपटतो, पुन्हा आत वळतो आणि नको त्या जागी पडतो. पसरून पडला तर चित्रावर पातळ पांढरा पडदा येतो, काळे करडे होते. एका जागी गोळा झाला तर तेथे डाग उमटतो. छायाचित्रकार त्या डागाला भूत म्हणतात.

या भुताची धास्ती भिंग करणाऱ्या मोठमोठ्या लोकांना होती. १८९२ चे गोएर्झचे डागोर नावाचे भिंग सहा काचांचे होते, परंतु तीन-तीन काचा डिंकासारख्या बाल्समने चिकटवून दोन गट केले होते. हवेला लागणारे पृष्ठभाग चारच. १८९६ साली येना येथील झाइस कारखान्यात पाउल रुडोल्फ याने प्लानार हे भिंग रचले. काचा सहाच, पण गट चार, म्हणून हवेला लागणारे पृष्ठभाग आठ. रचना उत्तम. पण प्रत्येक ठिकाणी शेकडा ४ धरले तर आठ पृष्ठभागांतून जेमतेम ७२ भाग पार होतात. उरलेल्यांतला काही आत भटकत राहतो. चांगले भिंग केवळ या दोषामुळे मागे पडले. त्याच रुडोल्फचे १९०२ चे टेसार भिंग चार काचांचे आणि सहाच पृष्ठभागांचे होते, ते जगभर खपले. एकेक पृष्ठभाग वाचवण्यासाठी शहाणी माणसे आपली बुद्धी खर्च करीत होती, हे विसरू नये.

उपाय सापडला तो जुन्या, डागाळलेल्या काचांत. इंग्लंडात यॉर्क येथे कुक यांच्या दुर्बिणीच्या कारखान्यात हॅरॉल्ड डेनिस टेलर हा रचनाकार काम करी. १८९३ चे तीन काचांचे प्रसिद्ध ‘कुक ट्रिपलेट’ भिंग त्याचेच. वर्षानुवर्षे हवा लागून काही काचांवर फिकट निळसर-तपकिरी झाक चढते. गिऱ्हाईक ती पाहून हळहळते आणि पुसून काढा म्हणते. टेलरच्या ध्यानात आले की, झाक चढलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. १८९१ च्या आपल्या पुस्तकातच त्याने लिहून ठेवले की, या झाकेला घाबरू नका, ती मित्र आहे. पुढे १९०४ साली रसायनांनी अशी झाक मुद्दाम चढवण्याचे पेटंट त्याने घेतले. पण हर काच वेगळ्या जातीची असल्याने सगळ्यांवर सारखी झाक चढेना.

पक्का मार्ग निघाला १९३५ साली. झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला हा मूळचा युक्रेनचा पदार्थवैज्ञानिक. त्याने निर्वात पात्रात खनिज तापवून त्याची वाफ काचेवर बसवण्याची रीत काढली. लेपाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढी, म्हणजे प्रकाशलहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. लेपाच्या वरच्या तोंडावरून परतणारी लहर आणि खालच्या तोंडावरून परतणारी लहर एकमेकींच्या उलट पडतात आणि एकमेकींना मारतात. परतणारा प्रकाश ४ वरून दीडच्या आसपास उतरतो. निसर्गाचा हिशेब चोख आहे, परत न गेलेला प्रकाश पुढे जातो. जर्मनीत हा शोध लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवण्यात आला. अमेरिकेत १९३६ साली जॉन स्ट्राँग याने स्वतंत्रपणे तीच वाट काढली. १९३८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट या विदुषीने साबणासारख्या द्रव्याचे रेणूभर जाडीचे ४४ थर काचेवर चढवून काच जवळजवळ अदृश्य केली. पण तो लेप मऊ होता, बोटाने पुसला जाई. या बाई केंब्रिजला पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री होत. दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणी आणि पेरिस्कोप यांवर लेप चढले आणि युद्धानंतर ते कॅमेऱ्यांपर्यंत आले. त्यानंतर प्लानारसारख्या भिंगांचे दिवस फिरले. १९७१ साली पेंटॅक्सने आणि १९७२ साली झाइसने अनेक थरांचे लेप आपल्या भिंगांवर आणले. आज चांगल्या लेपाच्या काचेवरून प्रत्येक पृष्ठभागावर अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी प्रकाश परततो.

येना गावाचे नाव निघाले आहे तर कामगार चळवळीतल्या माणसाला एक पाऊल वाट सोडू द्या. झाइस कारखान्याचा कर्ता पुरुष एर्न्स्ट आबे हा एका सूतगिरणी कामगाराचा मुलगा. बाप चौदा-सोळा तास उभा राहून काम करी आणि लहानगा आबे त्याला जेवणाचा डबा पोचवी. भिंगाने उमटवलेले चित्र किती बारीक असू शकते याची मर्यादा १८७३ साली गणिताने सांगणारा तो हाच. १८८९ साली त्याने झाइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि पुढे कारखान्याची मालकी त्याच्या स्वाधीन केली. १९०० साली तेथे नऊ तासांऐवजी आठ तासांचा दिवस सुरू केला. लोक म्हणाले, उत्पादन बसेल. आबे वादात शिरला नाही, त्याने मोजले. अंगावर काम करणाऱ्या २३३ कामगारांची आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची कमाई ताडून पाहिली. ताशी काम १०० वरून ११६.२ झाले होते. नवाचे आठ तास झाल्यावर बरोबरी राखायला ११२.५ पुरे होते. म्हणजे तास घटूनही दिवसाचे काम सुमारे ३ टक्क्यांनी वाढले. १९०१ साली त्याने हे जाहीर व्याख्यानात मांडले, आज आपण येथे जमलो आहोत तशाच सभेत. आपल्याकडे १९११ चा कायदा गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घालीत होता, एवढे त्याच्या शेजारी ठेवतो आणि मुख्य विषयाकडे परततो.

काकांनी मला जे दाखवले ते असे. भिंगातून आलेला दिव्याचा प्रकाश सेन्सरवर गोळा होतो. सेन्सरचे तोंड चकचकीत असते, त्यावरून थोडा प्रकाश उलट भिंगातून बाहेर निघतो. भिंगापुढे काही नसेल तर तो आल्या वाटेने निघून जातो. सपाट काच असेल तर तिच्यावर आपटून तो पुन्हा आत येतो, आणि चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, तेवढ्याच अंतरावर, उलटा उमटतो. दिवा डावीकडे वर, तर भूत उजवीकडे खाली. हा परतलेला प्रकाश मूळ दिव्याच्या मानाने अत्यल्प असतो. दिवसा सगळेच उजळ असते, त्यात तो बुडून जातो. पण रात्री दिवा आणि अंधारा कोपरा यांत हजारो पटींचा फरक असतो, तेथे तो डोळ्यात भरतो.

तारखेला मी पट्टी घेऊन गेलो. फोटोचे दोन कर्ण आखले, मध्य काढला. दिव्यापासून मध्यापर्यंतचे आणि मध्यापासून हिरव्या डागापर्यंतचे अंतर मोजून दाखवले. दोन्ही सारखी, आणि तिन्ही बिंदू एका रेषेत. नंतर तोच कॅमेरा टेबलावर ठेवून, कोर्टाच्या खोलीतला दिवा चौकटीच्या कडेला घेऊन, काचेसह एक आणि काच काढून एक असे दोन फोटो काढले. पहिल्यात भूत, दुसऱ्यात नाही. फोटो खोटा असल्याचा मुद्दा पुढे राहिला नाही. यथावकाश पैसे मिळाले, पोराची बोटे काही आली नाहीत.

मग ती काच टाकून द्यावी काय? मी टाकलेली नाही. दिवसा, सूर्य पाठीशी असताना, चांगल्या लेपाची सपाट काच लावून आणि काढून फोटो घ्या; फरक डोळ्याला सापडणार नाही. समुद्राचे खारे तुषार, दगडखाणीची धूळ, वेल्डिंगच्या ठिणग्या असतील तेथे काच जरूर लावावी. ठिणगीने पडलेला खड्डा काचेवर पडला तर काच बदलता येते. पण रात्रीचे दिवे, मावळता सूर्य, समया-निरांजने चौकटीत असतील तर ती काढून खिशात ठेवावी. लांब पल्ल्याच्या भिंगावर स्वस्त काच लावू नये. तिचा पृष्ठभाग वाकडा असला तर चित्राची धार जाते, आणि दूरचे चित्र मोठे होते तसा हा दोषही मोठा होतो. रुंद कोनाच्या भिंगावर जाड कडेची काच लावली तर चित्राचे कोपरे काळवंडतात. भिंगावरच्या दोन-चार धूळकणांना तर फार भिऊ नये. ते भिंगाच्या इतके जवळ असतात की चित्रात सहसा उमटत नाहीत. आणि आपटण्यापासून बचाव हवा असेल तर भिंगाभोवतीची टोपी, म्हणजे हूड, बरेच काम करते. ती चित्रातून काही घेत नाही, उलट बाजूचा भटका प्रकाश अडवते.

काच विकत घेताना दुकानात ती ट्यूबलाइटखाली धरून पाहा. तिच्यात नळीचे प्रतिबिंब पांढरे, ठसठशीत दिसले तर काच कोरी आहे. मंद हिरवे-जांभळे दिसले तर तिच्यावर लेप आहे. मोठ्या दूरदर्शी भिंगांपैकी काहींत कारखानदार स्वतःच पुढे राखणीची काच बसवतात, पण ती सपाट न ठेवता किंचित वाकवलेली असते, म्हणजे परतलेला प्रकाश एका जागी गोळा होत नाही. रक्षणही झाले आणि भूतही टळले. आपल्या मोबाईलवर रात्री दिव्याचा फोटो घेतला की जो हिरवा ठिपका दिसतो तो याच कुळातला आहे. तेथे काचा भिंगाच्या आतच असल्यामुळे त्या आपल्याला काढता येत नाहीत. त्यावर दुकानदार आणखी एक काच चिकटवू लागला तर त्याला हा हिशेब विचारावा.

गार्डाचेही असेच असते. प्रेसचा गार्ड कामाचा वेग थोडा घटवतो, आणि मजुरी नगावर असली की कामगार स्वतःच तो काढायला तयार होतो. मालकही काणाडोळा करतो. गार्ड वाईट म्हणून फेकू नये आणि कसलाही गार्ड चालेल असेही म्हणू नये. हात सुखाने चालेल असा गार्ड बनवावा लागतो, वाकवलेल्या काचेसारखा. त्याला खर्च येतो. तो खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मी उद्या सकाळी पुन्हा एका कारखान्याच्या दारात विचारणार आहे.

घरी गेल्यावर पट्टी काढा, रात्री काढलेला एखादा जुना फोटो घ्या आणि मोजून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.